अग्निवीर भरती: सोलापूरच्या मैदानापासून तोफखान्यातील ट्रेडपर्यंत, माझा अनुभव

सोलापुरात सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे सारे लक्ष धावण्यावर असते. होम मैदानावर, विजापूर रस्त्यावर किंवा सोरेगावकडे पहाटे पळणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, तो आपली 1600 मीटरची वेळ सेकंदासह सांगेल. परंतु निवड झाल्यावर आपण पायदळात जाणार की तोफखान्यात, आणि ते कोण व कशावरून ठरवते, याचे उत्तर फार थोड्यांकडे असते. 2024 च्या भरतीतून अग्निवीर जनरल ड्यूटी, म्हणजे सामान्य सैनिक, या पदावर माझी निवड झाली आणि आता मी तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये आहे. तिचे नाव व ठिकाण लिहिणे योग्य नाही, म्हणून ते लिहीत नाही. तिथपर्यंत माझी पारख कशी होत गेली, तेवढे मात्र सविस्तर सांगतो.

2023 पासून भरतीचा क्रम बदलला आहे. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा होत असे. आता संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा आधी होते आणि तिच्यातून निवडलेल्यांनाच मैदानी चाचण्यांच्या भरती मेळाव्याला बोलावतात. जनरल ड्यूटीसाठी एका तासात 50 प्रश्न व 100 गुण असतात, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो. आमच्या वेळी प्रश्न हिंदी व इंग्रजीत होते. 2025 पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. ग्रामीण शाळांत शिकलेल्या मुलांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण सामान्य विज्ञानातील कितीतरी गोष्टी माहीत असूनही प्रश्नाची भाषा उलगडण्यातच त्यांचा वेळ जात असे.

मैदानाचे गुण ठरलेले आहेत. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास 60 गुण, आणि त्यानंतर पावणेसहा मिनिटांपर्यंत आल्यास 48. 2025 पासून सव्वासहा मिनिटांपर्यंत आणखी दोन गट वाढवले आहेत, मात्र त्यांना गुण त्याहून कमी. आडव्या दांड्याला लटकून अंग वर खेचणे म्हणजे बीम. दहा बीम काढल्यास 40 गुण, आणि सहा काढल्यास केवळ 16. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे यांना गुण नाहीत, पण ते जमलेच पाहिजे. बीमचा हा हिशेब नीट पाहावा. सहा बीम काढून 'ग्राउंड निघाले' असे समाधान मानणारा मुलगा तिथेच 24 गुणांनी मागे पडलेला असतो, आणि अंतिम गुणवत्ता यादी लेखी परीक्षा व मैदान या दोन्हींच्या गुणांची मिळून बनते. माझ्या बरोबरीचे, माझ्याहून वेगाने धावणारे काही मित्र याच एका कारणाने यादीबाहेर राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

मैदानानंतर मोजमाप, कागदपत्रे आणि मोबाइलवर घेतली जाणारी अनुकूलता चाचणी झाली. लष्करी जीवनाशी, म्हणजे घरापासून दूर, अनोळखी माणसांत, शिस्तीत आणि दडपणाखाली राहण्याशी उमेदवार जुळवून घेईल का, हे तिच्यातून पाहतात. तिचे गुण यादीत मिळवले जात नाहीत. मात्र तिच्यात जो बसत नाही, त्याला पुढे जाता येत नाही. उत्तरे पाठ करून देण्याची ही चाचणी नव्हे. एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे विचारलेली असते आणि प्रामाणिक उत्तरेच एकमेकांशी जुळतात, असे मला जाणवले.

वैद्यकीय तपासणीत गुडघे एकमेकांना टेकतात का, तळपाय सपाट आहेत का, कोपराचा कोन, रंग ओळखण्याची क्षमता, दात, कान, पायाच्या शिरा हे सारे पाहतात. माझ्याबरोबरचा अक्कलकोट तालुक्यातील एक मुलगा कानातील मळामुळे तात्पुरता नाकारला गेला. त्याला लष्करी रुग्णालयात फेरतपासणीसाठी पाठवले, तो तिथे पात्र ठरला आणि पुढे भरतीही झाला. 'मेडिकल गेले' म्हणून तो त्याच संध्याकाळी गावी परतण्याच्या विचारात होता. फेरतपासणीचा हक्क प्रत्येक उमेदवाराला असतो आणि तो मुदतीत वापरावा लागतो, हे मेळाव्याला जाण्यापूर्वीच ठाऊक असायला हवे.

यादीत नाव आल्यानंतर कोणत्या रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात जायचे, हा प्रश्न उरतो. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडून बेळगावच्या केंद्राविषयी लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे मलाही तिथेच जायचे होते. त्याच सुमारास एक जण घरी आला आणि पैसे दिल्यास हवी ती रेजिमेंट मिळवून देतो, असे सांगू लागला. मामांनी त्याला दारातूनच परत पाठवले. कोणत्या केंद्राला किती जागा मिळाल्या आहेत, रेजिमेंटची रचना काय आहे आणि उमेदवार गुणवत्ता यादीत कुठे आहे, यांवरून सैन्य ही वाटणी करते. अग्निवीराला सेवेच्या गरजेनुसार कोणत्याही रेजिमेंटमध्ये नेमता येते, हे भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेले असते. माझे नाव नाशिक रोड येथील तोफखाना केंद्रासाठी निघाले. मी मामांना फोन केला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तोफखान्यात गणित लागतं रे. दहावीचं पुस्तक बरोबर ने."

त्यांचे बोलणे किती नेमके होते, ते पुढे कळले. अग्निवीरांचे प्रशिक्षण 31 आठवड्यांचे असते. पहिल्या भागात कवायत, शस्त्र, शारीरिक क्षमता आणि नकाशावाचन हे मूलभूत शिक्षण सर्वांना सारखेच मिळते. नंतर ट्रेड, म्हणजे ज्याचे त्याचे ठरावीक काम, ठरतो आणि खरी वेगळी वाट तिथून सुरू होते. बाहेरच्या माणसाला तोफखाना म्हणजे तोफ डागणारे जवान एवढेच दिसते. पण त्यात तोफेवर काम करणारा गनर असतो, वायरलेस सांभाळणारा ऑपरेटर असतो, जड वाहने चालवणारा ड्रायव्हर असतो आणि निशाण्याचे गणित करणारा टेक्निकल असिस्टंट असतो. उस्तादांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, आमची पारख पहिल्या दिवसापासून चालवली होती. 155 मिलिमीटर तोफेचा गोळा 40 किलोहून जड असतो, म्हणून अंगात बळ व चपळाई असलेली मुले गनरसाठी हेरली जात होती. आवाज स्पष्ट असलेल्यांना आणि संदेश ऐकून तंतोतंत लिहिणाऱ्यांना ऑपरेटरकडे वळवले जात होते. गणित व नकाशाच्या चाचण्यांत माझे गुण चांगले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला टेक्निकल असिस्टंटचा ट्रेड आला.

या कामात वर्तुळाचे 360 अंशांऐवजी 6400 मिल मोजतात. एक किलोमीटर अंतरावर एक मिलचा फरक म्हणजे सुमारे एक मीटर. म्हणजेच 20 किलोमीटरवर तीच चूक 20 मीटरची होते, आणि पुढे आपलेच पायदळ असेल तर 20 मीटरला काय अर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको. वारा, हवेचे तापमान, गोळा फेकणाऱ्या स्फोटक दारूचे तापमान, तोफेच्या नळीची झीज, तोफ आणि लक्ष्य यांच्या उंचीतील फरक, या सर्वांची दुरुस्ती करून तोफेची दिशा व नळीच्या उंचावाचा आकडा द्यायचा असतो. ही आकडेमोड संगणक करतो, तरी ती हाताने करणेही शिकवले जाते, कारण यंत्र बंद पडले म्हणून तोफ थांबवता येत नाही. सोलापूरच्या शाळेत सरांनी घोटून घेतलेली त्रिकोणमिती मला इथे कामी आली.

शपथविधीच्या संचलनानंतर आम्हा सोबत्यांची वेगवेगळ्या रेजिमेंटमध्ये पाठवणी झाली. तिथे रिक्त जागा आणि ट्रेड हेच पाहतात. युनिटमध्ये पोहोचल्यावर माझी ट्रेडमधील तयारी पुन्हा तपासली गेली आणि मग मला एका बॅटरीच्या, म्हणजे रेजिमेंटमधील तोफांच्या एका तुकडीच्या, कमांड पोस्टवर (जिथून तोफांना आकडे दिले जातात) नेमण्यात आले. चार वर्षांनंतर अग्निवीरांपैकी 25 टक्क्यांपर्यंत जवान नियमित सेवेसाठी निवडले जातात. त्या निवडीत शारीरिक क्षमता, शस्त्र हाताळणी आणि ट्रेडमधील कौशल्य यांच्या सेवाकाळातील नोंदी पाहिल्या जातात. माझ्या अशा नोंदींना सुरुवात झाली आहे आणि ट्रेडच्या पुढील परीक्षेसाठी मी सध्या रोज संध्याकाळी हाताने आकडेमोड करण्याचा सराव करतो.