आमची वाटचाल: डिचोली ते गेइता

सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत आमचे सहा टिप्पर आणि एक ड्रिलिंग मशीन होतं. टिप्पर विकले, मशीन ठेवलं. तेच घेऊन 2016 साली मी आणि धाकटा भाऊ टांझानियात पोचलो, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, गेइताच्या सोन्याच्या पट्ट्यात. लोखंडवाले सोनार झाले म्हणून घरी चेष्टा झाली ती वेगळीच.

गावच्या पहिल्या सभेत म्वेन्येकिटींनी, म्हणजे तिथल्या सरपंचांनी, एक स्वाहिली म्हण ऐकवली: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. सगळे हसले, आम्हीही हसलो.

शोधाचा परवाना सरकारचा, पण वावर गावाचं. पहिल्याच महिन्यात आमचं मशीन एका आजीच्या कसाव्यातून गेलं. भरपाई चोख दिली, पण आधी विचारलं नव्हतं. पैसे संपले, ती गोष्ट राहिली.

त्यात मार्च 2017 मध्ये अध्यक्ष मगुफुली यांनी खनिज कॉन्सन्ट्रेटची, म्हणजे धातूचा अंश वाढवलेल्या खनिजाच्या भुकटीची, निर्यात बंद केली. दार-एस-सलाम बंदरात 277 कंटेनर अडकले आणि 'सोन्याची माती परदेशी नेतात' हे देशभर रेडिओवर गाजू लागलं. प्रयोगशाळेत जाणारी आमची दगडाच्या नमुन्यांची पोती म्वांझा शहराच्या रस्त्याला लागायची भल्या पहाटे, ऊन टाळायला. गावात बोलणं सुरू झालं, वाहिंदी, म्हणजे भारतीय, अंधारात सोनं काढून नेतात. आता पोत्यात काय आहे हे तोंडाने किती सांगणार?

कोअर, म्हणजे जमिनीतून निघालेला दगडाचा दांडा, उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात, अर्धा ठेवतात. हा राहिलेला अर्धा आम्ही कॅम्पातून उचलला, गाव-कचेरीशेजारी पत्र्याची शेड बांधून पेट्यांत लावला आणि किल्ली म्वेन्येकिटींच्या हाती दिली. पोती दुपारी, सगळ्यांसमोर बांधायची. निकाल आला तो फळ्यावर लिहिला: टनाला 2 ग्रॅम सोनं. कोणाला पटेना. शेवटी हिशेब मांडला (स्वाहिलीतही 'हेसाबु'च म्हणतात), 16 टनांचा टिप्पर भरला तर जेमतेम तीन तोळे. एक म्हातारा म्हणाला, एवढ्यासाठी एवढ्या लांबून आलात? खरं तर माझी बायकोही हेच विचारते.

जुलै 2017 च्या कायद्याने खाणीत सरकारचा किमान 16 टक्के वाटा फुकट ठरला, सोन्यावरची रॉयल्टी 4 वरून 6 टक्के झाली, वर तपासणीचा 1 टक्का. भाऊ वैतागला. मला तेवढं जाचलं नाही. गोव्यात भातशेतीत उतरलेला लाल गाळ मी पाहिलाय, आणि तेव्हा मी टिप्परच्या बाजूला उभा होतो.

मागच्या खेपेला एका बँकवाल्याला कोअर दाखवायला नेलं. शेडला कुलूप, म्वेन्येकिटी कापसाच्या शेतावर. माणूस पाठवला. निरोप आला, ही ओळ वेचून होऊ दे. दोन तास आंब्याखाली बसलो.