बायकोला नोत्र-दाम, मला बेल सेंटर

टोरांटोहून ट्रेनने पाचेक तास, मॉन्ट्रियलला उतरलो तर बायकोची लिस्ट तयार: नोत्र-दाम चर्च, जुनं बंदर आणि पुतीन, म्हणजे फ्राइज-चीजवर ग्रेव्ही ओततात ते, जड प्रकरण आहे. माझं एकच, बेल सेंटर, म्हणजे तिथला हॉकीचा हॉल. ती म्हणे अरे तुला हॉकी कुठे कळते? नाहीच कळत. पण 9 नोव्हेंबर 1997 ला इथेच, तेव्हा नाव मोल्सन सेंटर, WWF या कुस्ती कंपनीच्या सर्व्हायव्हर सिरीज शोमध्ये पैलवान ब्रेट हार्टचा गेम केला होता राव!

शाळेत WWF च्या पत्त्यांवर वाढलेल्यांना सांगायला नको, पण हिला सांगावं लागलं. ब्रेट तेव्हा चॅम्पियन, कंपनी सोडून WCW या स्पर्धक कंपनीत चाललेला, आणि कॅनडाचा पोरगा असल्याने कॅनडात शॉन मायकल्स या पैलवानाकडून हरायला तयार नाही, दुसरीकडे हरतो म्हणत होता. मालक व्हिन्स मॅकमॅहनला धास्ती की हा बेल्ट घेऊनच जाईल, कारण 1995 मध्ये मदुसा या महिला पैलवानाने त्यांचा बायकांचा बेल्ट WCW च्या टीव्हीवर सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलेला. मग मॅचमध्ये शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर, म्हणजे पाय मुडपायचा डाव, त्याला लावला, ब्रेटने हार मानलीच नाही तरी व्हिन्सच्या सांगण्यावरून रेफरी अर्ल हेबनरने बेल वाजवायला लावली. ब्रेट व्हिन्सवर थुंकला, हवेत बोटाने WCW लिहिलं आणि नंतर आत ड्रेसिंग रूममध्ये त्याला खरा ठोसा हाणला.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. ही नुराच, सगळ्यांना माहीत. पण नुरात पैलवान आपलं अंग समोरच्याच्या भरवशावर सोडतो ना, तोच भरवसा तोडला. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे खोट्यात खोटं झालं म्हणून तू इतकी वर्षं रागावलायस? 2010 मध्ये ब्रेटने शॉनशी हात मिळवला, मी अजून नाही.

मेट्रोतून जमिनीखालूनच हॉलपर्यंत पोचलो, थंडी लागली नाही. आजूबाजूला सगळी हॉकीच, जर्सी, पुतळे, कुस्तीचं काहीच दिसलं नाही मला. मागे फिरून गेलो तर गाड्या आत जायचं एक गेट. हेबनर त्या रात्री रिंगमधून थेट पळत जाऊन गाडीत बसून सटकला होता, इथूनच असेल म्हणून मोबाईल काढला.

“शटरचा फोटो काढतोयस?” बायको.

हो, चार काढले.