तेवीस नोटा

सोमवार, रात्री

दुकान बंद करताना झाडू मारला की रोज काहीतरी निघतंच. यू-पिना, पासपोर्ट साइज फोटो, कुणाच्या रेशनकार्डाचं सुटलेलं पान. मशीनच्या झाकणाखाली राहिलेल्या आधार कार्डांसाठी तर मी बिस्किटाचा एक डबाच ठेवलाय. माणसं झेरॉक्स घेऊन जातात आणि ओरिजिनल मशीनमध्ये विसरतात. आठ-पंधरा दिवसांत येतात परत, तोंड पाडून.

आज काउंटर आणि रिमच्या खोक्यांच्या सांदीत एक गुंडाळी सापडली. पाचशेच्या नोटा, भोवती दोन रबरं, आत घडी घातलेली चिठ्ठी. शटर अर्धं ओढून मोजल्या. २३. म्हणजे ११,५०० रुपये.

चिठ्ठी तेलुगूत. सोलापुरात कोर्टाजवळ दुकान टाकून १४ वर्षं झाली, निम्मं गिऱ्हाईक तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातलं, पण माझं तेलुगू अजून 'एंत?' (किती?) विचारलं की 'रेंडु रुपायलु' (दोन रुपये) सांगण्यापुरतंच. दिवसभर लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी बायकांची रांग होती. त्यात कुणाची पडली, काय माहीत.

गुंडाळी डब्यात टाकली, आधार कार्डांच्या खाली. घरी जेवताना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते लिहायला बसलो तरी सुचत नाही.

मंगळवार

सकाळी कागदाचा टेम्पो आला. हल्ली सगळं फोनवर येतं, गल्ल्यात रोख नसते. टेम्पोवाल्याला रोखच हवी होती आणि पाचशे कमी पडत होते. डब्यातली एक नोट काढून दिली. संध्याकाळी गल्ल्यात शंभराच्या जमल्या, त्यातल्या पाच गुंडाळीत घातल्या. हिशेब चोख.

लहानपणी चौकात पडलेल्या नाण्याला हात लावला की आई ओरडायची. ते कुणीतरी ओवाळून टाकलेलं असतं, त्यासोबत त्याची पीडा आपल्या घरी येते. आजूबाजूला लिंबू नसलं तरी हाच नियम. आईच्या कायद्यात पैसे कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. पीडा कुणाची, एवढंच बघायचं.

अण्णांचा तोडगा वेगळा होता. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सापडलेले पैसे थेट सिद्धरामेश्वरांच्या दानपेटीत. एकदा संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मला पाळण्याच्या रांगेत वीसची नोट सापडली. अख्खी नोट! दोन पाळणे आणि वर भजी झाली असती. अण्णांनी हात धरून देवळात नेलं आणि माझ्याच हाताने ती पेटीत टाकायला लावली. मी रडलो होतो. पुढे बरीच वर्षं ही गोष्ट मी अण्णांच्या सचोटीची म्हणून सांगायचो. आता वाटतं, त्या नोटेसाठी यात्रेत कुणीतरी खाली मान घालून धूळ उकरत फिरत असेल. पोरं हरवली की गड्ड्यात लाउडस्पीकरवर पुकारतात. तिथे जाऊन निदान सांगता आलं असतं. दुसऱ्याच्या पैशाने आपलं पुण्य झालं, एवढंच. पण हे अण्णांना तोंडावर म्हणायची हिंमत आजही झाली नसती.

दानपेटीचा विचार आज माझ्याही मनात आला होता, हे इथे लिहून ठेवतो.

बुधवार

एका वकीलसाहेबांची ज्युनियर पोरगी रोज येते. हुशार आहे. तिला म्हटलं, "मॅडम, सहज विचारतो, रस्त्यात पैसे सापडले तर कायदा काय म्हणतो?" तिने माझ्याकडे बघितलं, मोबाइल काढला आणि कलमच वाचून दाखवलं. आधी भारतीय दंड संहितेचं ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१४. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड.

मजा म्हणजे कायद्यातच उदाहरणं दिलीत, शाळेच्या पुस्तकासारखी. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला. गुन्हा नाही. पण पत्र सापडलं, त्यात बँकेची नोट आहे आणि पत्र वाचून ती कुणाची ते कळतं, तरी ठेवून घेतली. गुन्हा. मालक कोण ते शोधण्याचं साधन तुमच्या हातात आहे का, आणि ते वापरून तुम्ही वाजवी काळ थांबलात का, यावर सगळं आहे. करार कायदा १८७२ चा, त्याचं ७१ कलम असंच सांगतं: सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की तुम्ही ती ठेव म्हणून सांभाळायची.

मी मान डोलवत होतो. एक रुपयाचं उदाहरण मला फार आवडलं होतं. मनात म्हणत होतो, माझं पत्र तेलुगूत आहे, मला वाचता येत नाही, म्हणजे ते रुपयासारखंच झालं की.

मग जाता जाता ती म्हणाली, "आणि काका, परत ठेवणार होतो म्हणून थोड्या दिवसांसाठी वापरले, तरी तो अपहारच. स्पष्टीकरण एक."

तिच्या दहा पानांचे वीस रुपये झाले होते. मी पंधराच घेतले. का, देव जाणे.

गुरुवार

झोप नीट लागली नाही. रात्री मोबाइलवर वाचलं, २०१९ साली संशोधकांनी ४० देशांत, ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून देऊन बघितली. काहींत पैसे, काही रिकामी. पैसेवाली जास्त परत आली. आपण चोर आहोत असं स्वतःलाच वाटू नये, म्हणून म्हणे. पण ती पाकिटं बँकांत, हॉटेलांत, पोस्टात काउंटरवरच्या माणसाच्या हातात दिली होती. देणारा समोर उभा, आत मालकाचं कार्ड. रात्री साडेनऊला अर्ध्या शटरच्या आत, सांदीत सापडलेल्या गुंडाळीचा प्रयोग कुणी केलाय का?

शेजारचा स्टेशनरीवाला म्हणतो, पोलिसात जमा कर आणि पोच घे, डोक्याला ताप नाही. बरोबर आहे. माग काढायला आत काहीच नसतं, तर मीही तेच केलं असतं. दुसरा एक जण म्हणाला, बोर्ड लाव. तो लावायचा तर 'काही रक्कम सापडली आहे, ओळख पटवून न्यावी' एवढाच. आकडा लिहिला तर निम्मं सोलापूर ओळख पटवायला येईल.

दुपारी शेवटी चिठ्ठी घेऊन समोरच्या टेलरमामांकडे गेलो. चार पावलांवर दुकान. सोमवारपासून चार पावलं.

मामांनी चष्मा लावला. "काय दाखवलालाव? ही तर भिशीची यादी की!"

२३ बायकांची नावं. लक्ष्मीच तीन. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण आणि एक आकडा. तो आकडा मी सोमवारीच पाहिला होता आणि पैशाचा काहीतरी हिशेब म्हणून सोडून दिला होता. मामा म्हणाले, "घर नंबर हाय तो. वर लिहिलंय बघा, कुंभारी, विडी घरकुल."

अक्षरं तेलुगू होती. आकडे तर तुमच्या-आमच्यासारखेच होते. नीट बघितले असते तर घर नंबर आहेत, एवढं तरी मला कळलं असतं. नुसत्या नावावर दहा हजार घरांच्या त्या वसाहतीत एक लक्ष्मी सापडली नसती, पण २३ घर नंबर हातात असताना काय अडचण?

मामांचे साडू तिथेच राहतात. मामांनी फोन लावला. पाच मिनिटं तेलुगूत बोलणं झालं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन दिवस झाले, ती बाई रिक्षा स्टॉपवर रडत विचारत फिरलाल्ती म्हणे."

शुक्रवार

अकराला दोघी आल्या. पन्नाशीची बाई आणि तिची सून. बाईने दाराबाहेर चपला काढल्या. मी म्हटलं, अक्का, राहू द्या. पण काढल्याच.

ठरवल्याप्रमाणे आधी विचारलं, किती होते, कसे होते. "तेवीस नोट. दोन रबर. आत चिठ्ठी." रिक्षातच पडले असं तिला वाटत होतं, म्हणून दुकानाकडे आलीच नाही. भिशी ह्या महिन्यात ज्या बाईला लागली होती, तिच्या पोरीचं लग्न तोंडावर. ही हातउसने मागत फिरत होती. हजार विड्या वळल्या की त्यावर मजुरी. अकरा हजार पाचशे वळून फेडायचे म्हणजे किती महिने, ते तिने बोटांवर मोजलेलं असणारच. मी विचारलं नाही.

गुंडाळी दिली. ती मोजायला लागली. मला वाटलं होतं, पाया वगैरे पडेल, मी नको नको म्हणेन. ती मोजायला लागली. थोडं लागलं मनाला. पण भिशीचे पैसे, बावीस जणींना जाब द्यायचा, ती मोजणार नाही तर काय.

विड्यांचे कट्टे बांधणारे हात, अंगठा झपाझप चालत होता. बाविसाव्या नोटेनंतर थांबला.

"शंभरचे?"

"पाच आहेत. बरोबर आहे, मोजा."

"बरोबर हाय," ती म्हणाली. पुन्हा एकदा पाचही नोटा चाळल्या. "आमचे बायका सगळे पाचशेच दिले होते."

टेलरमामा शेजारीच उभे होते. सून माझ्याकडे बघत होती. टेम्पोवाल्याचं सांगायला मी तोंड उघडलं आणि सांगताना ते किती खोटं वाटेल, हे मलाच ऐकू आलं. खरं असूनही. म्हटलं, "माझ्याकडून एक मोडली गेली."

ती काही बोलली नाही. बावीस नोटांना रबर लावलं. शंभराच्या पाच वेगळ्या घडी करून वेगळ्या ठेवल्या. मग चिठ्ठी पुढे केली आणि हाताने मशीनकडे खूण केली. एक कॉपी पाहिजे, परत हरवली तर.

काढून दिली.

"एंत?"

"नको, अक्का."

"धंदा हाय की तुमचा. एंत?"

"रेंडु," म्हणालो.

दोनचं नाणं काउंटरवर ठेवून ती गेली.