आजी, वर भेटू!

शनिवार, 22 नोव्हेंबर 2025
निशी-कासाई, टोकियो

ताकाओसान डोंगरावरून घरी पोचेपर्यंत अंधार पडला. धाकटा ट्रेनमध्येच झोपला होता, त्याला तसाच गादीवर ठेवला. सासूबाईंचे पाय गरम पाण्यात शेकून झाले. मीही दमले आहे, पण आजचं आजच लिहायचं आहे.

आई साताऱ्याहून आल्या तेव्हापासून त्यांना एकच काळजी. दुसरीतली नात सकाळी दप्तर पाठीला लावते, 'इत्ते किमास' (जाऊन येते) म्हणते आणि एकटी शाळेला चालू लागते. पहिल्या दिवशी आई चपला घालून तिच्या मागे निघाल्या होत्या. "एवढंसं लेकरू रस्त्यावर सोडता?" हे त्या अजूनही विचारतात, आणि मला ते बोचत नाही, कारण पहिलीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याही पोटात गोळा यायचा.

आज लाँग वीकेंड (सोमवारी जोडून सुट्टी आहे), त्यामुळे मोमिजी, म्हणजे मेपलची लाल झालेली पानं, बघायला अर्धं टोकियो लोटलेलं. कुदानशिताला गाडी बदलली, शिंजुकूहून केइओ लाइन. गेटवर लहान मुलांचं कार्ड टेकवलं की पिवपिव आवाज होतो. लेकीचं अर्धं तिकीट आहे हे त्यातून स्टेशनवाल्याला कळतं. आईंचं कार्ड कसं टेकवायचं, सरकत्या जिन्यावर डावीकडे कसं उभं राहायचं, सगळं तीच आजीला सांगत होती.

केबल कारला मोठी रांग. वरच्या स्टेशनाजवळचा चढ 31 अंशांच्या वर जातो, जपानमधला केबल कारचा सगळ्यात तीव्र चढ. आईंनी दांडा घट्ट धरला आणि रामरक्षा सुरू केली. वर उतरल्यावर मात्र त्या खुलल्या. उन्हात मेपलची पानं नुसती पेटलेली. पुढे ताकोसुगी, म्हणजे ऑक्टोपसासारख्या मुळांचा जुना सीडर. तेंगू, म्हणजे जपानी लोककथांतले डोंगरात राहणारे पंखवाले जीव, वाट बांधत होते तेव्हा या झाडाने आपली मुळं आपणहून आखडून घेतली, अशी कथा आहे. लेकीने ती मराठीत आजीला सांगितली. 'आखडून' हा शब्द तिला सापडेना, तर हाताची बोटं मुडपून दाखवली.

त्याच्या पुढे वाट दुभंगते. डावीकडे 108 पायऱ्या, उजवीकडे सौम्य चढ. दोन्ही वाटा वर एकत्र होतात. आईंचे गुडघे बघता आम्ही उजवीकडे वळलो. लेक म्हणाली, "मी पायऱ्यांनी जाते. आजी, वर भेटू!" आणि गेलीसुद्धा. आईंचा चेहरा पडला. त्या गर्दीत लाल जॅकेट दिसेनासं झालं तेव्हा नवऱ्याने धाकट्याला खांद्यावर घेऊन पाऊल उचललं, पण आई त्याच्याही पुढे. गुडघे विसरून.

वर लेक कठड्याला टेकून उभी होती. शेजारी आईंच्याच वयाच्या एक जपानी बाई, पाठीला छोटी सॅक, हातात काठी. लेकीने त्यांना सांगितलं होतं म्हणे, माझी आजी दुसऱ्या वाटेने हळूहळू येते आहे. तेव्हा त्या "मग मीही जरा दम खाते" म्हणून तिथेच थांबल्या. आम्ही आल्यावर त्यांनी वाकून नमस्कार केला. आईंनी हात जोडले. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघी बराच वेळ बोलल्या. मग त्या बाई उताराला लागल्या. वर जायचं नव्हतंच त्यांना, त्यांचं दर्शन आधीच झालं होतं.

याकुओइन मंदिरात होम चालू होता. मोठा ढोल, मंत्र, ज्वाळा. आई पायऱ्यांशी हात जोडून उभ्या राहिल्या. चोचीच्या, पंखांच्या तेंगूची मूर्ती बघून म्हणाल्या, "हा तर गरुडच." माथ्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. फुजीसान ढगात. डोंगरावर कचऱ्याचे डबे नाहीत, म्हणून फॉइलचे बोळे लेकीने आपल्या सॅकमध्ये भरले.

परतताना गाडीत मी आईंना सगळं नीट सांगितलं. ती एकटी जाते असं आपल्याला दिसतं, पण तशी ती एकटी नसते. दप्तराच्या पट्ट्याला बझर आहे. वाटेतल्या दुकानांवर, काही घरांवर 'कोदोमो 110' ची पाटी आहे (कोदोमो म्हणजे मूल, 110 हा पोलिसांचा नंबर), मूल घाबरलं तर सरळ तिथे शिरतं. मुलांना रस्ता ओलांडून द्यायला चौकात पिवळा झेंडा घेऊन कुणीतरी उभं असतं, कधी पेन्शनर आजोबा, कधी आम्ही पालक पाळीपाळीने. माझ्या आजोळच्या वाड्यात असंच होतं, कुणाचंही पोर कुणीही हटकायचं.

मला छळतो तो प्रश्न पुढचा आहे. आम्ही पुण्याला परत गेलो तर ही काय करेल? तिथल्या रस्त्यावर मी तिला एकटीला सोडणार नाही, हे मला आजच माहीत आहे. नवरा म्हणतो, मुलं शिकतात. शिकतील, पण जे मिळालंय ते काढून घ्यायला माझा जीव धजत नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

भांडी आवरताना आई म्हणाल्या, "मंगळवारी झेंड्याची पाळी तुझी ना? मी येते. मलाही एक झेंडा दे." उद्या पालकांच्या ग्रुपवर विचारायला हवं, जास्तीचा मिळतो का.