मिठाला सुटलेलं पाणी

बाईंचा लॅपटॉप तिसऱ्यांदा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आला तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नऊ दिवसांवर होती आणि म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान उतरायला लागलं होतं. बाई हरमलच्या, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. शिवोलीचा पूल ओलांडून बसने येतात. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छत्रीखाली आणि स्वतः अर्ध्या भिजलेल्या. त्या लॅपटॉपात त्यांनी गावोगावच्या बायकांकडून बारा वर्षं जमवलेली फुगडीची गाणी आहेत. ती मी पहिल्याच दिवशी एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, काढून पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. आधी ते काम, मग मल्टीमीटरला हात, हा माझा नेम. पण बाईंना लॅपटॉप तोच हवा, कारण त्याच्या कळांवर त्यांनी स्वतः देवनागरीचे स्टिकर चिकटवलेत.

"तुझ्याकडे आला की उठून बसतो," पिशवी ठेवत बाई म्हणाल्या. "घरी नेला की मान टाकतो. माहेरपण चाललंय का रे याचं?"

मी हसलो खरा, पण मनातून ओशाळलो होतो. दोनदा पैसे घेतले होते मी त्यांचे.

पहिल्यांदा आला तो जुलैत. आठवडाभर बॅटरी चार्ज होत नव्हती, मग एके दिवशी पूर्ण उतरली आणि मशीन डेड. बॅटरी काढून बेंच सप्लायवरून, म्हणजे करंटचा आकडा दाखवणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावरून, 19.5 व्होल्ट दिले, तर करंटचा आकडा 0.01 अँपिअरच्या वर सरकेना. बटण दाबा की न दाबा, फरक नाही. हाताखालच्या पोराने लगेच 3 आणि 5 व्होल्टच्या कॉइलवर प्रोब टेकवले. दोन्हीकडे शून्य. "सर, थ्री-फाइव्हची आयसी गेली." म्हणजे ते 3 आणि 5 व्होल्ट तयार करणारी चिप.

नवशिका इथेच अडकतो. बटण दाबायच्या आधीपासून बोर्डावर 3.3 आणि 5 व्होल्ट हजर असावे लागतात, त्यावरच तो बटण ओळखणारा कंट्रोलर जागा असतो, हे सगळं बरोबर. पण हे दोन्ही व्होल्टेज ज्या आयसीतून निघतात तिला स्वतःला 19 व्होल्टची मुख्य लाइन लागते. ती लाइन मोजली तर तीही शून्य. ग्राउंडशी शॉर्ट आहे का पाहिलं. नव्हता. पाटालाच पाणी नाही, तर वाफा कोरडा म्हणून वाफ्याला दोष कसा द्यायचा?

अॅडॅप्टरची पिन जिथे बसते त्या जॅककडून निघालो. जॅकवर 19.5, पुढच्या पहिल्या मॉस्फेटवर 19.5, त्याच्यापलीकडे काही नाही. मॉस्फेट म्हणजे विजेवर उघडझाप होणारा स्विच. असे दोन पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. आपल्याकडच्या खाजन शेतीत बांधावर जो मानस असतो ना, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू न देणारा, तसंच यांचं काम. अॅडॅप्टर योग्य असेल तरच आत सोडायचं आणि बॅटरीचं पाणी उलटं जॅककडे जाऊ द्यायचं नाही. हा मानस उघडायचा हुकूम चार्जर आयसी देते. इथे ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू 24735 होती, साडेतीन मिलिमीटरचा चौकोन, वीस पाय. हुकूम म्हणजे मॉस्फेटच्या गेटवर, त्याला उघडणाऱ्या पायावर, अॅडॅप्टरपेक्षा सुमारे 6 व्होल्ट जास्त, म्हणजे 25 च्या घरात. अॅडॅप्टर साडेएकोणीसचा असताना मीटरवर 25 दिसले की पोरं मीटरच खराब समजतात.

गेटवर हुकूम नव्हता. आयसीचं स्वतःचं 6 व्होल्टचं आउटपुट मात्र होतं. मी ठरवून टाकलं, आयसी अर्धवट मेली. गरम हवेच्या ब्लोअरने उतरवली, नवी बसवली, आयपीएने, म्हणजे बोर्ड पुसायच्या अल्कोहोलने, घासून साफ केलं, सप्लाय दिला. करंट चढला, स्क्रीन आली. बाई खूश, मी खूश. दोन आठवड्यांत मशीन परत. तेव्हा ते रात्रभर दुकानात पडून होतं आणि सकाळी मी काही न करताच चालू झालं. जॅक ढिला असेल म्हणून जॅक बदलला. म्हणजे दोनदा दुरुस्ती, आणि दोन्ही वेळा मी रोगाला हातच लावला नव्हता.

एक पाय मी मोजलाच नव्हता. अॅडॅप्टरचं व्होल्टेज दोन रेझिस्टरमधून विभागून आयसीच्या एका पायावर येतं, त्यावरून ती अॅडॅप्टर ओळखते. या बोर्डावर वरचा 430 किलोओहम, खालचा 66.5. हिशेब केला तर 19.5 चे 2.61 व्होल्ट होतात. तिथे 0.6 च्या वर काहीही असलं की आयसी जागी होऊन आपले 6 व्होल्ट काढते. पण मानस उघडायचा तर 2.4 लागतात आणि 3.15 च्या वर गेलं तर जास्त व्होल्टेज म्हणून ती पुन्हा बंद. म्हणजे 0.6 आणि 2.4 च्या मधल्या पट्ट्यात आयसी जिवंत दिसते पण हुकूम देत नाही. मी नेमका त्याच दृश्याला फसलो होतो.

तिसऱ्या खेपेला त्या पायावर केसासारखी तार सोल्डर केली, मीटर लावून ठेवला. 2.61. सगळे व्होल्टेज हजर, मशीन सुरू. दुपारपर्यंत तसंच. वैताग आला. बिघडलेलं मशीन दुरुस्त करता येतं, चांगल्याचं काय करायचं?

तीनच्या सुमारास ढग फुटल्यासारखा पाऊस आला आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवे, पंखा आणि बेंच चालतं, एसी चालत नाही. कोंडल्यासारखं झालं म्हणून दार उघडलं. ओली हवा आत आली, काउंटरची काच धुरकटली. मी चहा प्यायला बाहेर, तर आतून पोराची हाक.

"सर, आकडा उतरतोय."

2.55. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. 2.52. 2.47. मध्येच एकदा वर गेला, परत खाली. 2.4 ओलांडून जरा खाली गेला मात्र, आणि सप्लायवरचा करंट एका झटक्यात 0.01 वर आला. मशीन आमच्या डोळ्यांसमोर मेलं. थोड्या वेळाने पायावर 1.9 होते.

मी बोर्डाजवळ तोंड नेऊन, चष्म्याची काच पुसताना करतो तसा, 'हा' करून श्वास सोडला. आकडा 1.6. ब्लोअर कमी तापमानावर ठेवून लांबून मारला. हळूहळू चढत 2.6, आणि मशीन पुन्हा चालू. पोराला हा खेळ इतका आवडला की त्याने तो चारदा केला.

आयसीत दोष नव्हता, जॅकमध्ये नव्हता. खालच्या रेझिस्टरच्या बाजूने ग्राउंडकडे एक चोरवाट तयार झाली होती. 1.9 वरून हिशेब मांडला तर ती साधारण दीडशे किलोओहमची निघते. एवढ्याशा गळतीला एरवी कोणी विचारत नाही, पण जिथे मूळ रेझिस्टरच 66 आणि 430 किलोओहमचे, तिथे ती पुरते. ती वाट होती मिठाची. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच. आर्द्रता त्याहून कमी असली की ते कोरडा खडा, वीज जाऊ देत नाही. माझ्या एसीत कोरडं, हरमलला ओलं. आयसी बदलताना मी ब्लोअर मारला, तेव्हा ते नुसतं वाळलं होतं.

आणि साफसफाई? आयपीए सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स धुतं, मिठाला ते जवळजवळ विरघळवतच नाही. मीठ पाण्यात विरघळतं, हे बाईंच्या पहिलीच्या पोराने सांगितलं असतं. वीस वर्षं या धंद्यात काढूनही बोर्डावर पाणी ओतायचा माझा हात होत नाही, हे खरं कारण.

शेवटी ओतलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर. आधी आयसी आणि ते दोन रेझिस्टर उतरवले. खालच्याच्या पॅडच्या कडेला सुईच्या टोकाएवढी हिरवट रेघ होती. मऊ ब्रशने तीनदा पाण्याने धुतलं, मग आयपीए, मग 60 डिग्रीला रात्रभर सुकवलं. आयसी परत बसवून, नवे रेझिस्टर घालून त्या भागावर ओल अडवणाऱ्या कोटिंगचा हात दिला. मग ओल्या टॉवेलसकट बोर्ड बादलीत झाकून रात्रभर ठेवला. सकाळी 2.60.

बाई आल्या तेव्हा आधी घेतलेले जॅकचे आणि आयसीचे पैसे पाकिटात घालून समोर ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले.

"पण मीठ आलं कुठून? मी काही स्वयंपाकघरात ठेवत नाही हो."

"कुठे ठेवता?"

"खिडकीत. समोर दर्या आहे, तिथेच मला सुचतं."

"मग तिथूनच आलं. पंखा दिवसभर आत ओढतो ती हवा."

बाईंनी लॅपटॉप उघडून आपले स्टिकर तपासले, एक उचकटलेला बोटाने दाबून बसवला.

"खिडकी मी बंद करणार नाही," त्या म्हणाल्या. "तू ते काय वॉर्निश लावलंस ना, त्याचा आणखी एक हात मार."

मी परत स्क्रू उघडायला घेतले.