एएमसीचे पात्रता नियम

आज दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस प्लॅनचे पात्रता नियम लावायचं काम चाललं. कोणत्या ग्राहकाला कोणती एएमसी (मशीनच्या वार्षिक देखभालीचा करार) दिसावी एवढंच ठरवायचं असतं, पण खरी मेख डेटात असते.

पुण्यापुरता प्लॅन म्हणून 'पिनकोड ४११ ने सुरू' अशी अट टाकली की वाघोली बाहेर पडते. तिचा पिन ४१२२०७. खराडीला लागून असूनही तिथल्या ग्राहकाला प्लॅन दिसत नाही, आणि एररही येत नाही, यादीतून ती ओळच गायब! म्हणून सेवाक्षेत्राचे पिनकोड वेगळ्या टेबलात ठेवा आणि नियम त्या टेबलाला जोडा. पिनचं फील्ड टेक्स्टच ठेवा. एक्सेलमधून आलेल्या '४११ ०१४' मधली मोकळी जागा आधी काढा.

रिकामं फील्ड तर त्याहून वाईट. 'मशीन बसवून ५ वर्षांच्या आत' या अटीत तारीखच नसेल, तर बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' धरलं जातं. जुने, भरवशाचे ग्राहक असेच गळतात. त्यांच्यासाठी 'तारीख नाही, आधी तपासणी' असा वेगळा नियम हवाच.

'आणि', 'किंवा' एकत्र आले की कंस घाला. 'वाघोली किंवा खराडी आणि वॉरंटी संपलेली' यात कंस नसेल तर वाघोलीची वॉरंटीतली मशीनंही आत येतात.

मशीनचं वय कोटेशनच्या दिवशी मोजायचं की करार सुरू होईल त्या दिवशी, हे सेल्सकडून लेखी घ्या. टेस्टिंगला काठावरचेच ग्राहक निवडा: बरोबर ५ वर्षं, त्याच्या आदला दिवस आणि नंतरचा.