न सांगितलेला स्लॉट

लिनक्सवर बोटांनी रेघा काढण्याचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिताना मला एक विचित्र प्रकार दिसला. दोन्ही बोटे एकदम हलवली, की दोन रेघा व्यवस्थित उमटत. परंतु पहिले बोट स्थिर ठेवून केवळ दुसरे हलवले, तर पहिल्याचीच रेघ उडी मारून दुसऱ्यापाशी जाई. पडदाच सदोष असावा, अशी सोयीस्कर समजूत मी करून घेतली होती. उपकरणाकडून येणाऱ्या नोंदी दाखवणारे 'इव्हटेस्ट' चालवून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी वाचल्या, तेव्हा चूक माझीच निघाली.

कर्नलच्या प्रत्येक नोंदीत वेळ, प्रकार, कोड आणि मूल्य एवढेच असते. 'बोट' अशी वस्तू तिच्यात नसते. कोड ४७ स्लॉट, म्हणजे टेकलेल्या बोटाला दिलेला कप्पा, सांगतो, ५७ स्पर्शाचा ओळखक्रमांक, तर ५३ आणि ५४ आडवे व उभे स्थान. बोट उचलले, की त्या स्लॉटचा ओळखक्रमांक उणे १ होतो. 'सिन-रिपोर्ट' ही नोंदींचा एक गट संपल्याची खूण आल्यावर तोवरच्या नोंदी एकत्र लागू करायच्या.

मात्र जे बदललेले नाही, ते कर्नल पुन्हा सांगत नाही. बोट सरळ आडवे सरकले, तर उभ्या स्थानाची नोंदच येत नाही, आणि हाच नियम स्लॉटलाही लागू आहे. मी प्रत्येक 'सिन-रिपोर्ट'नंतर चालू स्लॉट शून्य, म्हणजे पहिल्या बोटाचा, धरत होतो. त्यामुळे एकटे दुसरे बोट हलत असताना स्लॉट १ची नोंद एकदाच येई आणि पुढची सगळी स्थाने पहिल्या बोटाच्या नावावर जमा होत.

स्लॉट येण्याआधीच्या पद्धतीत प्रत्येक वेळी सर्व स्पर्शांची यादी येई, पण कोणता स्पर्श कोणत्या बोटाचा, हे सॉफ्टवेअरने ताडायचे असे. स्लॉट २०१० साली, कर्नलच्या २.६.३६ आवृत्तीत आले. मला ही नवी पद्धतच पटते, जरी तिच्यात लक्षात ठेवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडत असले तरी. (ते काम एरवी 'लिबइनपुट' ही तयार लायब्ररी करते, मी हौसेने अंगावर घेतले होते.)

अर्थात वाचणारा प्रोग्रॅम मागे पडला आणि न वाचलेल्या नोंदी साठवणारा बफर भरला, तर लक्षात ठेवलेली स्थिती कुचकामी ठरते. तेव्हा कर्नल 'सिन-ड्रॉप्ड', म्हणजे काही नोंदी गळाल्याची खूण, पाठवतो. त्यानंतर पुढच्या 'सिन-रिपोर्ट'पर्यंतचे सारे टाकून देऊन प्रत्येक स्लॉटची स्थिती कर्नलला 'आयओसीटीएल' या थेट विचारणीच्या मार्गाने नव्याने विचारावी लागते. हे तपासायला मी प्रोग्रॅम मुद्दाम काही सेकंद थांबवतो, तेवढ्यात पडद्यावर बोटे भरभर फिरवतो आणि त्यांतले एक हळूच उचलतो. पहिल्या प्रयत्नात ते उचललेले बोट प्रोग्रॅमच्या लेखी पडद्यावरच टेकलेले राहिले होते.